भोपाळ स्टेशन, फलाट क्रमांक 1 : वायुबळींचे स्मारक आणि संग्रहालय पाहून आल्यावर

रुळाकाठ, भुसावळ (24 नोव्हेंबर 2019)

येत्या 2 डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून झालेल्या वायुगळतीला 35 वर्षे पूर्ण होतील. मागच्या वर्षी याच सुमारास मी वडिलांना घेऊन भोपाळला गेलो होतो, आणि तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणता हे राहून गेले. आपल्या खानदेशातून भोपाळवरून जाणारे लोक थोडे नाहीत. कुणी परीक्षेसाठी दिल्लीला जातो, कुणी म्हाताऱ्या आईवडिलांना काशी-प्रयागला नेतो, कुणी सैन्यातल्या नोकरीवर परत निघालेला असतो. गाडी भोपाळला थांबली की आपण खाली उतरतो, पाण्याची बाटली भरून घेतो, पोह्यांचा द्रोण घेतो आणि पुन्हा डब्यात चढतो. त्याच स्टेशनाच्या 1 नंबर फलाटावर त्या रात्री कामावर असताना मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक आहे, आणि मी स्वतः निदान पंधरा वेळा त्या स्टेशनातून गेलो असूनही ते कधी पाहिले नव्हते.

वडील रेल्वेत गार्ड होते. 1984 मध्ये भोपाळ मध्य रेल्वेतच होते, आपल्या भुसावळसारखेच. पश्चिम मध्य रेल्वे 2003 मध्ये वेगळी झाली. त्यामुळे तिथला स्टाफ म्हणजे वडिलांच्या लेखी आपल्याच घरचा स्टाफ. 3 डिसेंबरच्या सकाळी ते ड्युटीवर गेले तेव्हा भोपाळकडच्या गाड्या अडकल्या आहेत, एवढेच त्यांना कळले होते. दुपारपर्यंत ‘गॅस’ हा शब्द आला. मृतांमध्ये आपल्या खात्याची माणसेही आहेत हे रात्री समजले, आणि त्या रात्री वडील जेवले नाहीत, असे आई सांगायची.

त्या रात्री स्टेशनात काय झाले ते थोडक्यात लिहितो. गुलाम दस्तगीर हे उपस्टेशन अधीक्षक रात्रपाळीला होते. मध्यरात्रीनंतर ते कार्यालयातून फलाटावर आले तेव्हा त्यांचे डोळे जळू लागले आणि घसा आवळल्यासारखा झाला. स्टेशन अधीक्षक हरीश धुर्वे त्यांना मृतावस्थेत आढळले. मुंबई आणि गोरखपूर यांच्या दरम्यान धावणारी एक्सप्रेस प्रवाशांनी खच्चून भरलेली अशी फलाटावर उभी होती आणि तिच्या सुटण्याला अजून अवकाश होता. दस्तगीरांनी वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता, जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन ती गाडी तात्काळ रवाना केली. मग विदिशा आणि इटारसीकडे निरोप पाठवून भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडवायला सांगितल्या, आणि ते फलाटावर तडफडणाऱ्या लोकांच्या मदतीला राहिले. वायूने त्यांच्या घशाला कायमची इजा केली. त्यानंतर ते एकोणीस वर्षे जगले, आणि त्यातला बराच काळ दवाखान्यांत गेला. 2003 मध्ये ते वारले.

ज्यांनी रेल्वेत नोकरी केलेली नाही, त्यांना वेळेआधी गाडी सोडणे ही किरकोळ बाब वाटेल. वडील मला म्हणाले, “लाईन क्लियर, म्हणजे पुढच्या स्टेशनाची परवानगी, घेतल्याशिवाय आणि वेळ झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे आमच्या हाडात मुरवलेले असते. त्या माणसाने आयुष्यभराचे शिक्षण अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवले.”

स्मारकापुढे वडिलांनी चपला काढल्या. चष्मा पुसला आणि कोरलेल्या नावांवर बोट ठेवून एकेक नाव ते हलक्या आवाजात वाचत गेले, जसे पूर्वी ते ड्युटीचा तक्ता वाचायचे. शेवटपर्यंत आले आणि मागे वळून मला विचारले, “दस्तगीर कुठे आहेत?” त्यांचे नाव तिथे नाही, कारण ते त्या रात्री गेले नाहीत, नंतर गेले. वडील काही बोलले नाहीत. पण बाकावर बसल्यावर त्यांनी खिशातली छोटी वही काढून ते नाव माझ्याकडून पुन्हा एकदा नीट विचारून लिहून घेतले.

स्टेशनाहून आम्ही रिक्षाने जयप्रकाश नगरला गेलो. कारखान्याच्या समोरच ही वस्ती आहे, आणि सर्वांत आधी वायू शिरला तो इथेच. रस्त्याच्या कडेला एका आईचा पुतळा आहे. एका हातावर तान्हे मूल, दुसऱ्या हाताने तिने स्वतःचे तोंड झाकलेले, आणि मागे पदराला बिलगलेले दुसरे मूल. हा पुतळा सरकारने उभारलेला नाही. रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने तो 1985 मध्ये घडवला, आणि तिचे स्वतःचे आईवडील नाझींच्या छळातून वाचलेले होते. हिरोशिमा नको, भोपाळ नको, आम्हाला जगायचे आहे, अशा अर्थाचे शब्द चौथऱ्यावर आहेत. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी त्या चौथऱ्याच्या कडेला ओले कपडे वाळत टाकले होते. मला प्रथम ते खटकले, पण वडील म्हणाले की ती वस्ती त्यांची आहे आणि पुतळाही त्यांचाच आहे.

मग रिमेंबर भोपाळ म्युझियम. हे संग्रहालय 2 डिसेंबर 2014 रोजी सुरू झाले. पत्रकार आणि संग्रहालयतज्ज्ञ रमा लक्ष्मी यांनी पीडितांच्या संघटनांसोबत ते उभे केले. सरकारचा किंवा कोणत्याही कंपनीचा पैसा घ्यायचा नाही, असा निर्धार त्यामागे आहे. तिथे भव्य असे काहीही नाही. गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी जपून ठेवलेल्या वस्तू आहेत, लहान मुलांचे कपडे आहेत, छायाचित्रे आहेत, आणि भिंतींवर टेलिफोनचे रिसीव्हर लावलेले आहेत. रिसीव्हर उचलून कानाला लावला की ज्याची वस्तू समोर आहे त्याच्या घरचे माणूस बोलू लागते. भोपाळी वळणाची हिंदी, मध्येच येणारा खोकला, मध्येच थांबणे. खोलीत शांतता असते आणि तो आवाज फक्त तुमच्या एकट्याच्या कानात असतो. मी आजवर पुष्कळ संग्रहालये पाहिली, पण एवढे जवळून माझ्याशी कुणी बोललेले नव्हते.

वडील तिथे दोन तास होते. आपल्या लोकांनी भोपाळला जाताना एक दिवस राखून ठेवावा, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे. कुणी जाऊन आले असेल तर अवश्य लिहावे.

तापीतीर, चोपडा (24 नोव्हेंबर 2019)

भाऊ, तुमचे लिखाण दोनदा वाचले. यात एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे, ती नमूद करतो. भोपाळच्या त्या कारखान्यात जे कीटकनाशक तयार व्हायचे त्याचे नाव सेव्हिन, म्हणजे कार्बारिल. त्या रात्री ज्याचा वायू सुटला ते मिथाइल आयसोसायनेट हे रसायन त्यासाठीच टाकीत साठवलेले होते. आमच्या आजोबांच्या काळी कपाशीवर अळी आली की सेव्हिनच्या पावडरीची धुरळणी होत असे. आजोबा तोंडाला उपरणे गुंडाळून ओळीओळीने चालत असत, आणि संध्याकाळी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या दिसत, हे माझ्या वडिलांनी मला अनेकदा सांगितले आहे. केळीला रात्री पाणी द्यायला जाताना हातात जी बॅटरी असायची, तिच्यातले एव्हरेडीचे सेलही याच युनियन कार्बाइडचे.

भोपाळ आम्हाला लांबची बातमी वाटत आली, पण त्या कारखान्याचा माल आमच्या खळ्यात येऊन पडलेला होता. आमच्या कपाशीसाठी जे बनत होते, त्याच्यापायी भोपाळची माणसे गेली, हा विचार मला अस्वस्थ करतो. आजोबांचा यात काडीचाही दोष नाही हे मी जाणतो, तरीही करतो.

खडूफळा, अमळनेर (25 नोव्हेंबर 2019)

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आठवीपासून दहावीपर्यंतच्या मुलांना आम्ही अजिंठा, रायगड, झालेच तर दिल्ली दाखवतो. पण दुःखाची जागा सहलीत कधी धरलेली नसते. तुमचा धागा वाचल्यापासून मला वाटते आहे की दहावीच्या काही मुलींना तरी तिथे न्यावे. माझ्या मनात दोन शंका आहेत.

पहिली शंका छायाचित्रांविषयी. मातीत अर्धे पुरलेल्या त्या लहान मुलाचा चेहरा रघू राय यांच्या छायाचित्रामुळे जगाला माहीत झाला. तो मी स्वतः महाविद्यालयात असताना पाहिला आणि कित्येक रात्री तो डोळ्यांपुढून हलत नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलींपुढे ते ठेवावे काय? दुसरी शंका अशी की मुलांना घेऊन गेले की ती मोबाइल काढतात. ज्या जागी माणसे मेली त्या जागी हसतमुख छायाचित्रे काढली गेली, तर त्याची लाज आम्हा शिक्षकांना वाटेल.

रुळाकाठ, भुसावळ (25 नोव्हेंबर 2019)

बाई, तुमच्या शंका योग्य आहेत. छायाचित्रे तिथे आहेत आणि ती सोसवत नाहीत. पण संग्रहालयात माणूस अधिक वेळ थांबतो तो रिसीव्हरपाशी, असा माझा अनुभव आहे. आधी आवाज ऐकवावेत, छायाचित्रांच्या भिंतीकडे ज्यांना जायचे असेल त्यांनीच जावे. मोबाइलबद्दल माझे मत असे की मुलींना आधी पुरेसे सांगितले तर बंदी घालावी लागणार नाही. जाण्यापूर्वी तिथे फोन करून वेळ निश्चित करावी. मोठा गट एकदम आत मावत नाही. कारखान्याच्या आवारात मात्र परवानगीवाचून सोडत नाहीत, आणि मुलांना तिथे नेऊही नये, कारण ती जमीन अजून विषारी आहे.

प्रयोगशाळा, शिरपूर (27 नोव्हेंबर 2019)

मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून गेली अकरा वर्षे रसायन उद्योगात नोकरी करतो. बाईंना मुलींना न्यायचेच असेल, तर त्या रात्री नेमके काय घडले हे त्यांना आधी समजावून द्यावे, अशी विनंती आहे. नाहीतर मुले ‘अपघात झाला’ एवढेच घेऊन परततील.

मिथाइल आयसोसायनेट 39 अंश सेल्सिअसला उकळते. आपल्या जळगाव-भुसावळला एप्रिलच्या दुपारी सावलीतसुद्धा पारा त्याच्या वर असतो, यावरून काय ते समजावे. म्हणून हे द्रव शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचे असते. भोपाळला ती शीतकरण यंत्रणा काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन द्रव होते. त्यात पाणी शिरले. पाण्याशी त्याची अभिक्रिया झाली की उष्णता निर्माण होते, उष्णतेने अभिक्रिया आणखी वाढते, आणि पुढे ती कुणाच्याही आवाक्यात राहत नाही. अशा वेळी वायू धुऊन काढण्यासाठी स्क्रबर असतो, तो वापरात नव्हता. वायू जाळून टाकण्यासाठी ज्वालास्तंभ असतो, त्याचा नळ दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे सोडले, तर ते वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचेनात. एकामागे एक असे हे चार पहारेकरी, आणि त्या रात्री चौघांपैकी एकही जागा नव्हता.

आता सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट. हा वायू हवेच्या दुप्पट जड असतो, त्यामुळे तो जमिनीलगत सरपटत जातो. लहान मुलांचे तोंड जमिनीच्या जवळ असते, म्हणून त्यांच्या छातीत तो अधिक गेला. जे जिवाच्या आकांताने धावले त्यांना धाप लागली आणि त्यांनी तो अधिक ओढून घेतला. तोंडावर ओले फडके धरा आणि वाऱ्याला आडवे होऊन बाजूला जा, एवढे दोन शब्द कुणी सांगितले असते तर अनेक जीव वाचले असते. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे येऊन कोसळत होती, आणि हा वायू कोणता व त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना सांगणारे कुणी नव्हते.

शिवाय हे अचानक उद्भवलेले नव्हते. 1981 च्या डिसेंबरात याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एक कामगार दगावला होता. त्यानंतर राजकुमार केसवानी या भोपाळच्या तरुण पत्रकाराने कारखान्याच्या आतली माहिती जमवली आणि 1982 मध्ये आपल्या छोट्या साप्ताहिकात शहराला पुनःपुन्हा सावध केले. कुणी ऐकले नाही.

हे मी पुस्तकातून बोलत नाही आहे. यंदा 31 ऑगस्टला सकाळी आमच्या तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि किमान 13 जण गेले. त्यांत बाया होत्या, लेकरे होती. मी त्या वेळी घरी होतो. मांडणीवरची भांडी खणखणली आणि आईला भूकंप झाला असे वाटले. त्यानंतर तीन महिने मी रोज कामावर जाऊन पहिल्यांदा एकच गोष्ट करतो, ती म्हणजे भोंगा आणि फवारे चालू आहेत की नाहीत हे स्वतः पाहतो. पूर्वी मी नोंदवहीत फक्त सही करत असे.

पांझराकाठी, धुळे (28 नोव्हेंबर 2019)

धागा चांगला आहे, परंतु माझे काही मतभेद आहेत आणि ते मांडतो.

एका बाजूच्या संघटनांनी उभारलेले संग्रहालय हे शहराचे स्मारक म्हणावे काय? तिथे पीडितांचे म्हणणे आहे, ते असायलाच हवे. पण शासनाने, त्या रात्रीपासून दिवसरात्र राबलेल्या डॉक्टरांनी, लष्कराने, रेल्वेने काय केले, याची सविस्तर नोंद कोण ठेवणार? एवढ्या मोठ्या घटनेचे स्मारक शासनाचे असावे, त्याला कायमचा निधी असावा. लोकवर्गणीवर चालणारी जागा आज आहे आणि उद्या नसेल. आकड्यांबाबतही तेच. मध्य प्रदेश शासनाने वायूशी संबंधित म्हणून मान्य केलेले मृत्यू 3,787 आहेत, संघटना 15 हजारांच्या वर सांगतात, काही 25 हजार म्हणतात. स्मारकाने यांपैकी कोणता आकडा कोरावा?

रुळाकाठ, भुसावळ (28 नोव्हेंबर 2019)

पांझराकाठी यांचा निधीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याची मलाही काळजी वाटते. पण शासनाने आजवर काय केले? कारखान्याच्या जागी मोठे स्मारक करण्याची बोलणी वर्षानुवर्षे चालू आहेत आणि जागेवर गवत वाढते आहे. ज्या शासनाविरुद्ध आणि ज्या कंपनीविरुद्ध या पीडित बायका पस्तीस वर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर उभ्या आहेत, त्यांच्याच पैशाने स्वतःच्या मुलांच्या कपड्यांभोवती काचेची पेटी करून घ्यावी, हे त्यांना नको वाटले, यात मला काहीच वावगे दिसत नाही.

आकड्यांचे म्हणाल, तर मोजणी कुठे थांबवायची हाच खरा प्रश्न आहे. पहिल्या तीन दिवसांत गेलेले मोजायचे, की दस्तगीरांसारखे एकोणीस वर्षांनी गेलेले धरायचे? 2006 मध्ये राज्य शासनानेच प्रतिज्ञापत्रात 5,58,125 लोकांना इजा झाल्याचे सांगितले. 1989 मध्ये कंपनी आणि भारत सरकार यांच्यात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि बहुतेक जखमींच्या हाती सुरुवातीला 25 हजार रुपये आले. आयुष्यभराच्या खोकल्याचे ते मोल होते. 2010 मध्ये कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचे प्रमुख वॉरेन अँडरसन 1984 च्या डिसेंबरात अटक होऊन सुटले, अमेरिकेला गेले, ते कधीच परतले नाहीत आणि 2014 मध्ये तिकडेच वारले. या सगळ्यात स्मारकावर आकडा कोरण्यापेक्षा नावे कोरावीत आणि खाली जागा मोकळी सोडावी, असे मला वाटते.

पांझराकाठी, धुळे (29 नोव्हेंबर 2019)

जागा मोकळी सोडण्याची सूचना पटली. शासनाबद्दलचे माझे मत कायम आहे. शासन चुकले म्हणून त्याला जबाबदारीतून मोकळे सोडू नये, उलट स्मारकाचा खर्च आणि देखभाल त्याच्याच गळ्यात बांधावी, आणि आत काय मांडायचे हे पीडितांनी ठरवावे.

खडूफळा, अमळनेर (10 डिसेंबर 2019)

आम्ही जाऊन आलो. शाळेच्या नावाने सहल जमली नाही, म्हणून चार मुली, त्यांचे पालक आणि मी असे खाजगीरीत्या गेलो. प्रयोगशाळा यांनी लिहिलेले मी वर्गात फळ्यावर आकृती काढून आधीच समजावले होते, त्याचा पुष्कळ उपयोग झाला.

गाडीतून उतरल्यावर मुलींनी सर्वप्रथम 1 नंबर फलाटावरची नावे वाचली. पुतळ्यापाशी गेलो तेव्हा एका मुलीने विचारले की आईने स्वतःचे तोंड झाकले, मग बाळाचे का नाही झाकले? तिच्याबरोबर तिची आई होती. ती म्हणाली, “बाई, तिला दोनच हात आहेत.” त्यानंतर आम्ही बराच वेळ कुणी बोललो नाही.

संग्रहालयात मुली पांगल्या. मला भीती होती तसे कुणीही मोबाइल काढले नाहीत. आमच्यातली सर्वांत बडबडी मुलगी एका रिसीव्हरपाशी उभी राहिली, ती हललीच नाही. बोलणे संपले असावे, कारण तिने रिसीव्हर कानापासून दूर केला, त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा कानाला लावला. परतीच्या गाडीत मी विचारले तेव्हा ती म्हणाली की त्यातल्या बाई बोलता बोलता थांबल्या होत्या, आणि त्या पुढे काही बोलतील असे तिला वाटत होते.

पीडितांवर मोफत उपचार करणारा संभावना दवाखानाही आम्ही बाहेरून पाहिला. तो 1996 पासून चालतो आणि तिथल्या बागेत औषधी वनस्पती लावलेल्या आहेत. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघींबद्दलही मुलींना सांगितले. या वायुपीडित कामगार बाया. त्यांना 2004 मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, आणि त्या पैशातून त्यांनी जन्मजात व्यंग असलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. मुलींना हे फार भावले. दुःखाच्या जागेवरून परतताना हातात काहीतरी धरायला हवे असते, ते त्यांना या दोघींत मिळाले.

प्रयोगशाळा, शिरपूर (3 जानेवारी 2025)

पाच वर्षांनी धागा वर काढतो आहे. परवा रात्री भोपाळच्या कारखान्यातला 337 टन विषारी कचरा 12 कंटेनरांत भरून पिथमपूरला जाळण्यासाठी हलवला. म्हणजे चाळीस वर्षे तो शहराच्या मधोमध पडून होता. इंदूरला जाणाऱ्या आमच्या शिरपूरकरांना पिथमपूर परके नाही. तिथले लोक विरोध करत आहेत आणि त्यांची भीती मला समजते, कारण भोपाळकरांनाही एकदा ‘काळजीचे कारण नाही’ असेच सांगितले गेले होते. शास्त्राने योग्य तापमानाला आणि योग्य गाळणीनिशी हा कचरा जाळता येतो. पण ते मोजमाप लोकांसमोर, रोजच्या रोज, त्यांना कळेल अशा भाषेत व्हायला हवे. आणि हा केवळ वर असलेला कचरा होता. जमिनीत मुरलेल्या आणि विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरलेल्या विषाला कोणताही कंटेनर पुरणार नाही.

आणखी एक. राजकुमार केसवानी 2021 मध्ये करोनाने गेले. बाईंनी पुढच्या खेपेस मुलींना त्यांच्याबद्दल अवश्य सांगावे.

गिरणाथडी, पाचोरा (25 जानेवारी 2025)

हा धागा आज वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. 22 तारखेला आमच्या परधाडे स्टेशनाजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली, लोक भीतीने रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. मी गावातल्या पोरांबरोबर चादरी घेऊन धावलो होतो. गेलेल्यांत नेपाळचे मजूर होते, उत्तरेकडचे लोक होते. त्यांच्यापैकी कुणीही आमच्या गावचे नव्हते. आता रूळ साफ झाले आहेत, गाड्या पूर्वीसारख्या वेगाने जातात, आणि ती जागा कोणती हे आणखी वर्षभराने फक्त आम्हालाच सांगता येईल.

भोपाळची आणि आमची घटना सारखी नाही, हे मी जाणतो. पण रुळाकाठ यांनी नावांबद्दल जे लिहिले ते मनात राहिले. तिथे एखादा दगड बसवावा, त्यावर मराठीत, हिंदीत आणि नेपाळीत नावे लिहावीत, असे आम्हा चारपाच जणांना वाटते. रेल्वेच्या हद्दीबाहेर शेताच्या बांधावर जागा द्यायला एक शेतकरी तयार आहे. याची सुरुवात कशी करावी, कुणी सांगू शकेल काय?

रुळाकाठ, भुसावळ (26 जानेवारी 2025)

गिरणाथडी, आधी नावे नीट मिळवा. वर्तमानपत्रांत नावांचे हिज्जे वेगवेगळे असतात. पोलिसांकडची यादी पाहा आणि शक्य झाले तर घरच्यांशी बोलून खात्री करून घ्या. नेपाळीतली नावे त्यांच्याच माणसाकडून लिहून घ्यावीत. दगडाचे काम त्यानंतर. खर्चात माझा वाटा धरा.

वडील 2022 मध्ये गेले. त्यांच्या पेटीत त्यांच्या ड्युटीच्या डायऱ्या होत्या, सगळ्या वर्षांच्या, दोऱ्याने बांधलेल्या. 1984 ची डायरी मी मागच्या महिन्यात काढली. 3 डिसेंबरच्या पानावर निळ्या शाईत नेहमीसारखा गाडीचा क्रमांक, सुटण्याची वेळ आणि उशीर लिहिलेला आहे, आणि त्याखाली एवढेच : ‘भोपाळ. गॅस. आपला स्टाफ गेला.’ त्याच्याही खाली काळ्या बॉलपेनने, म्हातारपणी झालेल्या थरथरत्या अक्षरात, ‘गुलाम दस्तगीर, उप स्टे. अधीक्षक’ असे लिहिलेले आहे.

येत्या रविवारी मी सकाळच्या पॅसेंजरने परधाड्याला येतो. जागा दाखवा.